मेढ्याच्या पाव्हण्यांचा अंदाज

आमच्या घरात पेशंटची चौकशी करायची नाही, हा आईचा नियम होता. तो मोडला की ती लाटणं खाली ठेवून नुसती माझ्याकडे बघायची, आणि तेवढं पुरायचं. मिरजेत दवाखान्यांच्या बोळात आमचं घर. पुढे पत्र्याचा लांबलचक सोपा, मागे एका ओळीत खोल्या. त्या खोल्यांत बाहेरगावच्या पेशंटांचे नातेवाईक उतरायचे. कुणी आठवडाभर राहायचं, कुणाचा मुक्काम महिन्यांवर जायचा. आई त्यांना दोन वेळा जेवू घालायची आणि दवाखान्यात न्यायला डबा भरून द्यायची. बाबा रेल्वेत होते, त्यांच्या पाळ्या सारख्या बदलायच्या, त्यामुळे घरावर राज्य आईचंच. तिचं म्हणणं असं, की दिवसभर या माणसांना डॉक्टर विचारतात, नर्सा विचारतात, गावाकडून फोन येतात ते विचारतात. आपल्या ताटावर तरी त्यांना सुखाने दोन घास खाऊ द्यावेत. त्यांनी आपण होऊन सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर आमटी वाढायची. कुणी सामान बांधून निघालं, तर साऱ्या जगात म्हणतात तसं 'पुन्हा या' म्हणायलासुद्धा आमच्याकडे बंदी होती. 'जपून जावा' एवढंच म्हणायचं.

पहाटे स्टेशनातल्या शंटिंगच्या शिट्ट्यांनी मला जाग यायची आणि पाठोपाठ आईच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू व्हायचा. भाकरीच्या थापा थांबल्या की शेजारचे आजोबा तंबोऱ्याची तार लावायला बसायचे. ते तंबोरे बनवायचे. एकच तार ते इतका वेळ छेडायचे, की नवीन उतरलेली माणसं पहिल्या दिवशी वैतागायची आणि चौथ्या दिवशी आवाज आला नाही तर विचारायची. जेवण साधं असे. ज्वारीची भाकरी, एक भाजी, आमटी, भात आणि पाट्यावर वाटलेला खर्डा. साताऱ्याकडची माणसं खर्ड्यावर तुटून पडायची आणि विजापूरकडची माणसं शेंगाचटणी मागायची. रविवारी मात्र सकाळी सगळ्यांना सुशीला मिळायचा, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर घातलेला नाश्ता. सुशीलाची परात सोप्यात आली की बाबा टीव्हीवरचं भरतकामाचं कापड काढायचे, कारण रविवारी सकाळी 'नीलशिखर' लागायचं.

आज त्या मालिकेचं नाव काढलं तर माझ्या वयाची माणसं हसतात, आणि हसता हसता त्यांचे डोळे चमकतात. डोंगरातलं एक शापित राज्य, तिथली राणी, त्रिकाल नावाचा म्हातारा जादूगार, बोलणारा गरुड, आणि दर भागाच्या शेवटी धुक्यातून येणारा, चेहऱ्यावर लोखंडी मुखवटा घातलेला काळा स्वार. हा स्वार कोण, या एका प्रश्नावर सगळा देश महिनोन्महिने झुलत होता. गरुडाच्या पंखाखालची दोरी सरळ दिसायची, किल्ला पुठ्ठ्याचा आहे हे आम्हाला कळत होतं, तरी शेवटचा घोड्याच्या टापांचा आवाज सुरू झाला की माझ्या अंगावर काटा यायचा. भाग संपला की आमच्या सोप्यात खरी मजा सुरू व्हायची. जत, विटा, चिकोडी, उंब्रज अशा गावांची माणसं, एरवी एकमेकांना ओळखायचं कारण नसलेली, त्या मुखवट्यावरून अशी भांडायची की वाटावं वाटणीची केस चालली आहे. मला आता वाटतं, त्या माणसांना तो प्रश्न हवाहवासा होता. दवाखान्यात पडलेल्या प्रश्नांवर त्यांना तोंडसुद्धा उघडता येत नव्हतं. हा प्रश्न मात्र त्यांच्या मालकीचा होता.

या मंडळींचे पुढारी होते उंब्रजचे आबा. फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले, मिशांना तेल लावणारे. त्यांच्या बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. हे त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आबा राज्याचा नकाशा समोर पसरल्यासारखा विचार करायचे. दुश्मन कुठून येणार, रसद कुठून, पहारा कुठे ढिला, असं बोटाने पाटावर काढून दाखवायचे. त्यांच्या मते काळा स्वार म्हणजे राणीचा जुना सेनापती. बाबा म्हणायचे जादूगारच वेष पालटून येतो. मी तेव्हा अकरावीत होते, भलतीच शहाणी होते, आणि स्वार हा हरवलेला राजकुमारच आहे यावर माझी पक्की श्रद्धा होती. जो मानत नाही तो मला मूर्ख वाटायचा.

वेणूताई आमच्याकडे आल्या त्या भाताची कापणी चालू असतानाच्या दिवसांत. साताऱ्याकडच्या मेढ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. पस्तिशीच्या, काटक, डोईवरचा पदर जराही न ढळणाऱ्या. डोंगरावरून गवताचा भारा घेऊन उतरताना नवऱ्याचा पाय घसरला आणि ते दरडीवरून खाली आले, एवढंच त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. आईने हुं केलं आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली. पेशंटसाठी रोज पेज लागेल, आणि ती चांगली गाळून द्या, असं त्या म्हणाल्या. आईने दुसऱ्या दिवसापासून पातळ फडक्यातून पेज गाळून द्यायला सुरुवात केली. कशासाठी गाळायची, हे नियमाप्रमाणे विचारलं नाही.

पहिल्या रविवारी त्या खांबाला टेकून गप्प बसल्या आणि भाग संपताच डबा घेऊन निघून गेल्या. मला वाटलं, बाईंना काही आवडलं नाही. संध्याकाळी परत आल्या, पाय धुतले आणि आमच्या चाललेल्या वादात हळूच म्हणाल्या, "आमचं मालक म्हणत्यात, घोडा त्योच हाय, पर वर बसणारा बदलतोय."

आबांनी पाटावरचं बोट उचललं. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा वेणूताईंनी समजावून सांगितलं. त्यांनी दवाखान्यात जाऊन मालकांना सगळा भाग अथपासून इतिपर्यंत सांगितला होता. गावाकडेही दोघं ही मालिका बघायचे, आणि मालक म्हणाले म्हणे, की एका वेळी स्वार बसला तर घोडा कान पाडतो आणि दुसऱ्या वेळी बसला तर पाडत नाही. जनावराला कळतं पाठीवर कोण आहे. तेव्हा स्वार दोन आहेत. आम्ही सगळे थक्क झालो. इतके आठवडे आम्ही मुखवट्याकडे डोळे फाडून बघत होतो आणि घोड्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. मी अर्थात लगेच विरोध केला. घोड्यांना शूटिंगमध्ये माश्या चावत असतील, म्हणून कान हलत असतील, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी वेणूताई जेवायला बसल्या आणि म्हणाल्या, मालकांनी निरोप धाडलाय, त्या वकीलबाईंना म्हणावं माश्या चावल्यावर घोडा शेपटी मारतो, कान पाडत नाही. सगळा सोपा हसला. मी लाल झाले, पण मनातून मला इतकं बरं वाटलं होतं की रात्रभर मी उत्तर तयार करत होते.

आणि दोन आठवड्यांनी तो भाग आला. किल्ल्याच्या तळघरात स्वाराला पकडतात, मुखवटा ओढून काढतात आणि आत निघते माळ्याची मुलगी. आम्ही ओरडणार इतक्यात खिडकीतून दिसतं, समोरच्या कड्यावर तोच घोडा उभा आहे आणि त्याच्यावर दुसरा काळा स्वार. आबांच्या हातातला चहा सुशीलाच्या परातीत सांडला. बाबांना ड्यूटीवर जायचं होतं, ते एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. इतका गलका झाला की शेजारचे तंबोरेवाले आजोबा काठी टेकत धावत आले. आमच्याकडे आरडाओरडा झाला म्हणजे कुणाचं तरी काही बरंवाईट झालं असंच त्यांना वाटलं. वेणूताई खांबाला टेकून हसत होत्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. डबा उचलून त्या जवळजवळ पळतच गेल्या, मालकांना सांगायला.

तेव्हापासून सोप्यात दुसऱ्या कुणाच्या अंदाजाला किंमत राहिली नाही. रविवारी संध्याकाळी वेणूताई यायच्या वेळेला माणसं दाराशी येऊन थांबायची. मेढ्याचे पाव्हणे काय म्हणतात, हाच एक प्रश्न. पाव्हणे एकेकदा चिडलेले असायचे, जादूगाराला लबाड म्हातारा म्हणायचे, राणीला घरात दाणा नाही आणि दागिने घालून बसली म्हणून नावं ठेवायचे. आबांना त्यांनी निरोप दिला होता, की फौजेत तुमी हुता तवा दुश्मन वळखायला पण हितकाच येळ लावला व्हता का. आबा मिशीत हसले आणि बरे झाल्यावर या माणसाला उंब्रजला नेऊन जेवायला घालायचं असं त्यांनी जाहीर केलं. माझं तर रोजचं भांडण चालू होतं. मी सकाळी मुद्दा पाठवायची, संध्याकाळी उत्तर यायचं. या माणसाचा चेहरासुद्धा मी मनात तयार केला होता. रापलेला, दात थोडे पुढे, हसताना मान मागे टाकणारा.

माझा मुलगा हल्ली मोबाइलवर कसलीशी परदेशी मालिका बघतो. ड्रॅगन, बर्फ आणि एकाला दुसरा ओळखू येत नाही अशी शंभर पात्रं. भाग संपला की तो तासभर टाइप करत बसतो. त्याला थिअरी म्हणतात. परवा तो कुणाशी तरी हातघाईवर आला होता. मी विचारलं, समोर कोण आहे, तर म्हणाला, कुणास ठाऊक, आहे कुणीतरी. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले.

आमच्याकडे फोन होता आणि खोल्यांतल्या माणसांचे फोन त्याच्यावरच यायचे. वेणूताईंचा धाकटा दीर महादेव मेढ्याहून फोन करायचा. वेणूताई बहुतेक वेळा दवाखान्यात असायच्या. आई 'निरोप देते' म्हणून फोन ठेवायची. पेशंटबद्दल फोनवर अवाक्षर बोलायचं नाही, हाही नियमच होता. पण दुसऱ्या स्वाराला काही आठवडे झाल्यावर एकदा महादेवचा आवाज फार खचलेला वाटला असावा. दादाचं काय खरं न्हाई आसं गावात समदी म्हणत्यात, असं तो म्हणाला, आणि आईच्याने राहवलं नाही. ती म्हणाली, अहो, काळजी करू नका, तुमच्या दादांच्या अंदाजाने आमचं घर दणाणून सोडलंय, माझ्या पोरीला ते वकील म्हणतात. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. चांगली बातमी सांगायची संधी तिला त्या घरात फार वेळा मिळत नसे.

पुढच्या शनिवारी महादेव आला. एसटीने येऊन दुपारच्या आधी दारात उभा. हातात नाचणीच्या लाडवांचा डबा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा कोरा सदरा. दादाचा सदरा पडताना फाटला होता, आता उठून बसलाय तर घालील, म्हणून आणला, असं तो आईला म्हणाला. त्याला वॉर्ड माहीत नव्हता. दुपारचा डबा न्यायचाच होता, म्हणून आईने मला त्याच्याबरोबर धाडलं. वॉर्डात जायला मला एरवी मनाई होती, डबे नेहमी बाहेरच्या बाकावर द्यायचे. पण त्या दिवशी मी हट्टाने आत गेले. इतके दिवस ज्याच्याशी भांडले त्या माणसाला मला बघायचं होतं, आणि राजकुमाराबद्दलचा एक नवा बिनतोड मुद्दा मी वाटेवर घोकत होते.

वेणूताई खाटेजवळ स्टुलावर, दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. खाटेवरच्या माणसाच्या डोक्याला पट्ट्या होत्या. नाकातून एक नळी गेलेली. डोळे अर्धवट उघडे होते आणि ते कुठेच बघत नव्हते. हात अंथरुणावर ठेवले होते तसे पडलेले. वेणूताई त्यांच्या कानाशी वाकून बोलत होत्या. "आन् मंग राणीनं दार लावून घेतलं. आता सांगा बगू, चावी कुणाकडं आसंल?" असं म्हणून त्यांनी आपला कान त्या माणसाच्या तोंडाजवळ नेला आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग हलकेच हसल्या आणि म्हणाल्या, "व्हय, मला बी तसंच वाटलं."

माझ्या हातातला डबा मी छातीशी धरला. काय बघतेय ते डोळ्यांना दिसत होतं आणि डोक्यात शिरत नव्हतं. महादेवने पुढे होऊन दादा अशी हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. खाटेवर काहीही हललं नाही. शेजारच्या पेशंटचं सलाईन बदलणारी नर्स आमच्याकडे न बघता म्हणाली, आणलं तेव्हापासून शुद्ध नाही, नळीतून पेज देतो तेवढीच, डॉक्टरांनी बाईंना कधीच सांगितलंय की आता घरी न्या. वेणूताई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी दिराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

परत येताना महादेव पुढे होता. मी त्याच्या मागून चालत होते. मला वकील कुणी म्हटलं होतं? घोड्याच्या शेपटीचा मुद्दा कुणी काढला होता? त्या चेहऱ्यावर रापलेपण नव्हतं, पुढे आलेले दात नव्हते, हसताना मागे जाणारी मान उशीत रुतलेली होती. मी कुणाशी तरी जीव लावून भांडले होते आणि तो माणूस एकदाही बोलला नव्हता. असा धक्का मला पुढे आयुष्यात जवळच्या माणसांच्या मरणानेही बसला नाही, हे मी विचार करून लिहिते आहे.

सोप्यात पंगत बसली होती. आबांनी महादेवला बघितलं, हा मेढ्याचा भाऊ हे त्यांनी ताडलं, आणि आनंदाने हाक दिली. काय म्हणतात आमचे पाव्हणे, दुसऱ्या स्वाराचं ठरलं का त्यांचं, असं त्यांनी विचारलं. दुसरं कुणीतरी म्हणालं, भेटलात का भावाला, फार हुशार गडी. सगळे घास थांबवून त्याच्याकडे बघायला लागले. महादेव पायरीवर मटकन खाली बसला.

"दादा बोलत न्हाई," तो म्हणाला. "हितं आनला त्या दिसापासनं येक सबूद बोलल्याला न्हाई. मंग फोनवर मला कुनी सांगितलं?"

कुणाला काही कळेना. आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि माझा चेहरा बघून मान खाली घातली. चिकोडीच्या एक मावशी तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. आई वाढता वाढता दारात उभी होती, हातात आमटीचं पळी-भांडं तसंच. ती पांढरीफटक पडली होती. ते भांडं खाली ठेवून ती महादेवसमोर आली आणि म्हणाली, मी सांगितलं, भाऊ. मी बघितलं नव्हतं आणि विचारलंही नव्हतं. माझं चुकलं. महादेवने हात जोडले, पण त्याच्याने तिच्याकडे बघवेना. तुमच्या त्या बोलण्यावर गावाकडं आमच्या आईनं दोन घास खाल्ले, असं तो म्हणाला.

तेवढ्यात वेणूताई आल्या. त्या धावतच आल्या असाव्यात, धाप लागली होती. सगळा सोपा आपल्याकडे बघतोय हे त्यांना दिसलं. मला वाटलं, आता त्या रडतील, नाही तर खोलीत जाऊन कडी लावतील. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"म्या खोटं न्हाई बोलले," त्या म्हणाल्या. "म्या त्येंच्या कानात सांगते आन् थांबते. मला आईकू येतंय. इतकी वर्सं त्येंच्या शेजारी बसून जेवले, कशाला काय म्हणतील ते मला ठावं न्हाई व्हय?"

महादेव म्हणाला, वैनी, उद्या घरी न्हेऊ. आई वाट बघतीया. वेणूताई नाही म्हणाल्या. घरी नेलं म्हणजे संपलं, असं त्या म्हणाल्या. इथे आहेत तोवर बोलतात तरी. मोठ्या भावजयीने महादेवला अंगाखांद्यावर वाढवलेलं होतं, हे मला नंतर कळलं. शेवटी तो म्हणाला, "तुमी म्हणाल तवा. तुमी हां म्हणंस्तवर म्या त्येला हलवत न्हाई." आमटी गार झाली, ताटं तशीच उचलली गेली. त्या दिवशी आमच्या सोप्यात पंगत अर्धी उठली, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

दुपारी आई वेणूताईंच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, मी बाहेर तांदूळ निवडत होते. आई त्यांच्याजवळ चटईवर बसली आणि तिने विचारलं, आज कसं आहे त्यांचं? इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तो प्रश्न मी ऐकला नव्हता. वेणूताईंनी सांगायला सुरुवात केली आणि मग दिवस कलेपर्यंत त्या सांगतच राहिल्या. पहिल्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले, पाय कसे गार लागतात, एकदा बोट हललं असं वाटलं होतं ते. आई मला नंतर म्हणाली, विचारलं असतं तर बाईला एकटीला एवढं ओढत बसावं लागलं नसतं. तिने तो नियम त्या दिवशी मोडला तो कायमचा. पुढे आमच्याकडे जो येईल त्याला ती हात धुवायला पाणी देतानाच विचारायची, आणि काही माणसांना ते आवडायचंही नाही. आईचा पहिला नियम बरोबर होता की दुसरा, हे मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. टीव्ही लावू नये असं आईला वाटत होतं. पण वेळ झाली तशा वेणूताई स्वतः दवाखान्यातून आल्या आणि नेहमीच्या खांबाला टेकून बसल्या. त्यांच्या शेजारी, जरा अंतर ठेवून, महादेव बसला. त्या बसल्या म्हटल्यावर बाबांनी कापड काढलं. आईने सुशीला वाढला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, सगळे टीव्हीकडे बघत होते, आणि त्या दिवशी तो भाग नेमका मुखवट्याचा होता. दुसऱ्या स्वाराला कड्यावर गाठतात. राणी स्वतः पुढे होते. ती हात उचलते, तेव्हा मी सवयीने राजकुमाराचं नाव मनात घेतलं. आबा पुढे सरकले. राणीने तो लोखंडी मुखवटा वर केला, आणि आत कुणीच नव्हतं. डोकं नाही, चेहरा नाही, चिलखताच्या गळ्यातून पलीकडचं धुकं दिसत होतं. घोड्यावर नुसतं चिलखत बसलेलं होतं, आणि लगाम धरलेला हातमोजाही पोकळ होता.

चिकोडीच्या मावशींच्या तोंडून 'अय्यो' एवढंच निघालं. असा अंदाज कुणीच केला नव्हता. आबांनी नाही, बाबांनी नाही, मी नाही, आणि मेढ्याच्या पाव्हण्यांनीही नाही. आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं. इतक्या रविवारांची सवय. आधी एकाने मान वळवली, मग दुसऱ्याने, आणि कळायच्या आत सगळा सोपा खांबाकडे बघत होता. आबांना आपली चूक लगेच कळली, त्यांनी मान फिरवली, पण तोवर महादेवनेच विचारलं होतं. अगदी हळू, लहान मुलाने विचारावं तसं.

"वैनी, दादा काय म्हणतोय?"

वेणूताईंनी डोळे मिटले. जशा काल त्या खाटेजवळ कान लावून थांबल्या होत्या, तशाच थांबल्या. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. देवाशपथ सांगते, त्या घटकेला मलाही वाटत होतं की आता काहीतरी येईल, जादूगाराला शिवी येईल, माझी थट्टा येईल, काहीही येईल. कालचं सगळं डोळ्यांनी बघूनही मी वाट बघत होते, आणि सोप्यातला एकूण एक माणूस वाट बघत होता. त्यांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहतानाही ती नव्हती.

"कायबी न्हाई," त्या म्हणाल्या. "आज कायबी आईकू येत न्हाई."

त्यांनी पुन्हा एकदा डोळे मिटून बघितलं आणि मान हलवली. मग हात टेकून त्या उठल्या, निऱ्या झटकल्या आणि दिराला म्हणाल्या, "भावजी, गाडी बगा. घरी न्हेऊ त्यास्नी."

महादेव रडत रडत बाहेर गेला आणि आबा अनवाणीच त्याच्या मागे गेले, जीप ठरवायला. आई वेणूताईंना धरून खोलीकडे घेऊन गेली. मी तिथेच बसून रडले, मोठ्याने, लाज सोडून, एका अनोळखी माणसासाठी. टीव्हीवर पुढच्या भागाची झलक दाखवत होते. ती बघायला सोप्यात कुणी थांबलं नाही.